पुरावर जगणारीं तळीं

ब्रह्मपुत्रेच्या पुराची वार्ता दरवर्षीं आषाढ-श्रावणांत वर्तमानपत्रांतून येते, आणि ती बहुधा हानीचीच असते. घरें पाण्याखालीं गेलीं, भाताचीं शेतें वाळूनें भरलीं, कोठें बांध फुटला, काझीरंगाच्या अरण्यांतील प्राणी उंच भूमीच्या आश्रयाला निघाले, अशी ती यादी असते. आणि तिच्यांत अतिशयोक्ति नसते. परंतु याच पुराला आणखी एक बाजू आहे. ती वार्ताहरांच्या लेखणींत उतरत नाहीं, कारण ती साध्या डोळ्यांना दिसतच नाहीं. नदीच्या दोन्ही तीरांवर शेंकडों उथळ तळीं पसरलेलीं आहेत. आसामी भाषेंत अशा तळ्याला बील म्हणतात. पावसाळ्यांत नदी या तळ्यांत शिरते आणि कांहीं महिन्यांनीं माघारी फिरते. या येण्याजाण्यावर तळ्यांतील सारी जीवसृष्टि अवलंबून असते. ती कशी अवलंबून असते, याची साक्ष देणारे उत्तम साक्षीदार म्हणजे त्या पाण्यांत तरंगणारे, टांचणीच्या डोक्याहूनहि लहान असे प्राणी होत.

महाराष्ट्रांतील बहुतेक नद्या काळ्या खडकांत पात्र कोरून वाहतात. पूर ओसरला कीं त्यांचें पाणी पुन्हां दोन कांठांच्या आंत येतें, आणि मागें फारसें कांहीं उरत नाहीं. ब्रह्मपुत्रेची प्रकृति निराळी आहे. तिबेटच्या पठारावर उगम पावून आणि हिमालयाला वळसा घालून ती आसामांत उतरते, तेव्हां डोंगरांतून आणलेला गाळ टाकण्यास तिला एकाएकीं सपाट मैदान मिळतें. स्वतःच आणलेल्या गाळानें तिचें पात्र भरतें; मग ती बाजूला सरते आणि जुनें वळण सोडून नवें धरते. सोडून दिलेलें वळण घोड्याच्या नालासारख्या आकाराचें तळें होऊन मागें राहतें. कांहीं तळीं अशा रीतीनें झालीं. कांहीं मैदानांतील नैसर्गिक खोलगटांत पाणी सांचून झालीं. आसामांतील अशा तळ्यांचें एकूण क्षेत्र सुमारें एक लाख हेक्टर भरतें. गुवाहाटी शहराला लागून असलेलें दीपोर बील हा नदीच्याच एका जुन्या प्रवाहाचा अवशेष समजला जातो. दक्षिणेस बराक नदीच्या खोऱ्यांतील सोन बील पावसाळ्यांत दूरवर पसरतें, आणि पाणी हटलें कीं त्याच्या तळाशीं शेतकरी भात लावतात. एकाच भूमीवर एका ऋतूंत नाव चालते आणि दुसऱ्या ऋतूंत नांगर.

जे जीव स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाऊं शकत नाहींत, पाणी नेईल तिकडे जातात, त्यांना व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ मध्यें प्लँक्टन हें नांव दिलें. भटकणारें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें बनविलेलें आहे. मराठींत त्यांना प्लवक म्हणतात. त्यांत सूक्ष्म शेवाळांसारखे ते वनस्पतिप्लवक, आणि मुख्यतः त्यांवर जगणारे ते प्राणिप्लवक. या प्राण्यांपैकीं एकाशीं महाराष्ट्राची जुनी आणि कष्टदायक ओळख आहे. नारूच्या जंतूचीं पिलें ज्या सूक्ष्म प्राण्याच्या शरीरांत वाढून, पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यावाटे माणसाच्या पोटांत जात, तो सायक्लॉप्स हा प्राणिप्लवकच होय. पाणी दाट फडक्यांतून गाळून प्यावें असा उपदेश खेडोपाडीं केला गेला, तो याच प्राण्याला अडविण्यासाठीं. भारत नारूपासून मुक्त झाल्याचें २००० सालीं जाहीर झालें. त्या एका अपराधावरून सगळ्या जमातीला दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. कारण गोड्या पाण्यांतील बहुतेक माशांचीं पिलें अगदीं प्रथम खातात तें अन्न हेंच होय.

या जमातींत चार घराणीं मुख्य आहेत. पहिलें रोटिफर प्राण्यांचें. यांतील बहुतेकांची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षांहि कमी असते. त्यांच्या तोंडाभोवतीं बारीक केसांचें वलय असतें. ते केस लाटेप्रमाणें हलूं लागले म्हणजे सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्यास डोक्यावर चाकें गरगर फिरत असल्याचा भास होतो. त्या हालचालीनें पाण्यांत लहानसा भोंवरा उत्पन्न होतो आणि अन्नाचे कण आपोआप तोंडाकडे ओढले जातात. दुसरें घराणें पाणपिसवांचें. नांव पिसू असलें तरी ती कोणालाहि चावत नाहीं. तिचें शरीर पारदर्शक कवचांत असतें, इतकें पारदर्शक कीं आंतील हृदयाचे ठोके बाहेरून मोजतां येतात. फांद्या फुटलेल्या दोन शृंगिकांनीं पाणी मागें सारीत ती उड्या मारल्यासारखी पोहते, आणि पायांवरील केसांच्या चाळणीनें पाणी गाळून त्यांतील शेवाळ खाते. तिसरें घराणें सायक्लॉप्स आणि त्याच्या भाऊबंदांचें. एकच डोळा, निमुळती शेपटी, आणि सायक्लॉप्सची मादी असल्यास शेपटीच्या दोन्ही अंगांस लोंबणाऱ्या अंड्यांच्या पिशव्या, ही त्याची खूण. चौथें ऑस्ट्राकॉड प्राण्यांचें. दोन इवल्याशा शिंपांमध्यें अंग मिटून घेणारे हे प्राणी बहुधा तळाजवळ आणि पाणवनस्पतींच्या मुळांत राहतात.

यांच्या जीवनक्रमांतील एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. रोटिफर आणि पाणपिसवा यांच्यांत अनुकूल काळीं नराची गरजच लागत नाहीं. मादीपासून मादी, तिच्यापासून पुन्हां मादी, अशी परंपरा चालते. ऊन पाण्यांत रोटिफरची नवी पिढी दोन-तीन दिवसांत तयार होते. सायक्लॉप्सला मात्र नर आणि मादी दोन्ही लागतात. त्याच्या पिलाला अनेक वेळां कात टाकून मोठें व्हावें लागतें, आणि त्यास कांहीं आठवडे जातात. म्हणून पाण्याची स्थिति पालटली कीं आधीं रोटिफरांचीं झुंडीं उठतात, पाठोपाठ पाणपिसवा वाढतात आणि सायक्लॉप्सचे भाऊबंद सावकाश आपली जागा घेतात. तळ्यांत कोण किती आहे हें पाहून तेथें नुकतें काय घडलें असावें, याचा तर्क करतां येतो, तो या भेदामुळेंच.

हा तर्क नुसत्या नजरेनें होत नाहीं. संशोधक नावेंतून तळ्यावर जातात तेव्हां त्यांच्याजवळ नायलॉनच्या तलम कापडाची शंकूसारखी जाळी असते. तिचीं छिद्रें मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीं असतात. ठराविक लिटर पाणी तींतून गाळून उरलेले प्राणी कुपींत घेतात, औषध घालून टिकवितात, आणि मग प्रयोगशाळेंत एकेक मोजतात. पाणी किती स्वच्छ आहे हें पाहण्याचें साधन याहूनहि साधें आहे. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मोपदेशक-ज्योतिर्विदानें १८६५ मध्यें एक पांढरी तबकडी दोरीनें समुद्रांत सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें पाहिलें. आजहि तळ्यांवर तीच युक्ति वापरतात. तबकडी तेवढी लहान झाली आहे. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रासायनिक रीत हंगेरीच्या लायोश विंक्लर यानें १८८८ मध्यें काढली, आणि तीहि अजून चालू आहे.

प्राणवायूची गोष्ट उष्ण प्रदेशांत विशेष महत्त्वाची. दहा अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तेंच पाणी तीस अंशांवर गेलें कीं केवळ साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे उन्हानें तापलेल्या तळ्याजवळ प्राणवायूची पुंजी मुळांतच कमी. आणि ऊन पाण्यांत प्राण्यांचा श्वासोच्छ्वास व मृत पानांचें कुजणें दोन्ही जलद चालतात, त्यामुळें खर्च अधिक. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पति सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतात व ही तूट भरून निघते. रात्रीं तो व्यापार बंद होतो, खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून दुपारीं समृद्ध दिसणारें तळें पहांटेस कंगाल झालेलें असूं शकतें. तळ्याच्या पाण्याविषयीं लिहिलेला कोणताहि आंकडा कोणत्या वेळचा आहे, हें सांगितल्यावांचून पुरा होत नाहीं.

आतां या तळ्यांचें वर्ष पाहूं गेल्यास तें असें दिसतें. माघ-फाल्गुनांत पाणी सर्वांत कमी असतें. नदीशीं जोडणारा नाला सुकलेला किंवा अगदीं बारीक झालेला असतो, आणि प्रत्येक तळें आपापल्या जागीं एकटें पडतें. पाणी स्थिर असल्यानें गाळ खालीं बसतो, प्रकाश आंत शिरतो, शेवाळ वाढतें आणि तें खाणारे प्राणीहि वाढतात. थोड्या पाण्यांत पुष्कळ प्राणी असल्यामुळें लिटरमागें त्यांची संख्या या काळांत मोठी भरते. पुढें पाऊस सुरू होतो, नदी चढते आणि नाल्यांतून गढूळ पाणी आंत येऊं लागतें. या नव्या पाण्याचे पहिले दिवस कठीण असतात. बुडालेलें गवत कुजूं लागतें व प्राणवायु खर्च होतो; गाळामुळें प्रकाश अडतो आणि शेवाळाची वाढ मंदावते. पाणपिसवांना दुहेरी त्रास होतो, कारण त्यांच्या चाळणींत शेवाळाबरोबर मातीचे कणहि अडकतात. रोटिफर अन्नकण अधिक निवडून घेतात, त्यामुळें अशा गढूळ पाण्यांत त्यांचा निभाव बराच लागतो. शिवाय पाणी कित्येक पटींनीं वाढल्यानें लिटरमागें प्राण्यांची संख्या एकदम उतरते.

केवळ हा आंकडा पाहणारा मनुष्य म्हणेल कीं पुरानें तळ्याचें नुकसान केलें. परंतु लिटरमागची संख्या आणि सबंध तळ्यांतील संख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाणी पसरल्यानें प्राण्यांची वस्ती विरळ होते, तशी त्यांना नवी भूमीहि मिळते. कालपर्यंत गुरें चरत होतीं त्या कुरणांवर आतां कंबरभर पाणी असतें. बुडालेल्या प्रत्येक गवताच्या काडीवर शेवाळाचा पातळ थर धरतो, आणि तेथें खाणाऱ्यांची पंगत बसते. नदीनें आणलेला गाळ तळाशीं बसून खताचें काम करतो. एका तळ्यांतील प्राणी दुसऱ्या तळ्यांत पोहोंचतात. २००७ मध्यें ब्राझिलच्या तीन शास्त्रज्ञांनीं अनेक निरीक्षणें एकत्र करून दाखविलें कीं, पूर चढला म्हणजे पूरमैदानांतील निरनिराळीं तळीं परस्परांसारखीं होऊं लागतात, आणि तो उतरला म्हणजे प्रत्येक तळें पुन्हां आपल्या वेगळ्या वळणावर जातें. वर्षांतून एकदां सर्वांचें मिळून एक होणें आणि मग पुन्हां वेगळें होणें, हाच या तळ्यांतील विविधतेचा पाया आहे.

एकाच तळ्यांत सुद्धां हे प्राणी सारखे पसरलेले नसतात. मोकळ्या पाण्यांत तरंगून राहणाऱ्यांच्या जाती निराळ्या, आणि कमळ, शिंगाडा व इतर पाणवनस्पति यांच्या दाटींत राहणाऱ्यांच्या निराळ्या. मोकळ्या पाण्यांत अन्न सर्वत्र असतें, पण लपण्यास जागा नसते. म्हणून तेथील कित्येक प्राणी दिवसा खालच्या अंधारांत राहतात आणि रात्रीं अन्नासाठीं वर येतात. मासे नजरेनें शिकार करतात, त्यांना चुकविण्याचा हा उपाय होय. वनस्पतींच्या दाटींत आडोसा भरपूर, आणि देठांवर शेवाळहि भरपूर. शिलाँग येथील ईशान्य पर्वतीय विद्यापीठांत डॉ. बी. के. शर्मा व त्यांचे सहकारी यांनीं अनेक वर्षें आसाम आणि मणिपूर येथील अशा तळ्यांतील प्राणिप्लवकांचा अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणांत जातींच्या संख्येनें रोटिफर नेहमीं आघाडीवर आढळले. आणि रोटिफरांतहि लेकाने नांवाच्या वंशाच्या जाती विशेष. हा वंश मुख्यतः वनस्पतींच्या आश्रयानें कांठाकांठानें राहणारा आहे. उथळपणा आणि पाणवनस्पति यांमुळें हीं तळीं किती संपन्न झालीं आहेत, हें त्यावरून कळतें. तळ्यांतील सारें गवत काढून तें आरशासारखें स्वच्छ करणें ही कांहींना सुधारणा वाटते. पण त्या स्वच्छतेबरोबर तेथील निम्मी वस्ती उठून जाईल.

माशांचा संबंध येथेंच येतो. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यांत नदीला पाणी चढलें म्हणजे वाहत्या पाण्यांत अंडीं घालतात. अंड्यांतून बाहेर आलेलीं पिलें प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पुराच्या पसरट, संथ पाण्यांत शिरतात. अंगावरील पिवळ्या बलकाची शिदोरी दोन-तीन दिवसांत संपते. नंतर तोंडांत मावेल एवढें हलणारें अन्न जवळच मिळालें तर पिलूं जगतें, न मिळालें तर मरतें. तें अन्न म्हणजे रोटिफर आणि लहान पाणपिसवा. म्हणजे नदीनें पिलें आणून सोडण्याची वेळ आणि कुरणांवरील पाण्यांत प्राणिप्लवक वाढण्याची वेळ यांची गांठ पडावी लागते. ती निसर्गानें युगानुयुगें पाडून दिलेली आहे. १९५७ मध्यें हिरालाल चौधरी यांनीं कटक येथें या जातींना संप्रेरकाची टोंचणी देऊन बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लावलें, आणि तेव्हांपासून तळ्यांत सोडण्यासाठीं पिलें कारखान्याप्रमाणें तयार करतां येतात. तो मोठाच शोध होता. परंतु पिलें सोडतां आलीं तरी त्यांचें पहिलें अन्न तळ्यानेंच पुरवावें लागतें.

हें अन्न प्रत्येक वर्षीं पुन्हां कसें उत्पन्न होतें, याचें रहस्य तळाच्या चिखलांत आहे. दिवस वाईट येऊं लागले कीं रोटिफर आणि पाणपिसवा आपली नेहमींची रीत सोडतात. नर उत्पन्न होतात, आणि जाड कवचाचीं अंडीं घातलीं जातात. हीं अंडीं तळाशीं जाऊन बसतात. तळें आटलें, चिखलाला भेगा पडल्या, वर नांगर फिरला, तरी त्यांतील कित्येक जिवंत राहतात. आणि पुराचें पाणी आलें कीं फुटतात. कांहीं अंडीं तर दशकानुदशकें टिकल्याचें दिसून आलें आहे. कांहीं रोटिफर अंड्यावांचूनहि हा प्रयोग करून दाखवितात. डच निरीक्षक लेव्हेन्हूक यानें १७०२ मध्यें छपराच्या पन्हळींतील वाळलेल्या मातीवर पाणी घातलें, तेव्हां तींत निपचित पडलेले रोटिफर पुन्हां हालचाल करूं लागल्याचें त्यानें नोंदवून ठेवलें आहे. शेतकरी पेवांत धान्य सांठवितो, तसें या तळ्यानें चिखलांत आपलें बीं सांठविलेलें असतें. पेव उघडण्याची खूण म्हणजे पूर.

१५ ऑगस्ट १९५० च्या सायंकाळीं आसामच्या उत्तर-पूर्व सीमेवर ८.६ परिमाणाचा प्रचंड भूकंप झाला. डोंगर ढासळून अतोनात माती नद्यांत आली, आणि ब्रह्मपुत्रेचें पात्र कांहीं ठिकाणीं उंचावलें. पुरांचा जोर वाढला. १९५४ च्या महापुरानंतर देशांत पूरनियंत्रणाचें धोरण आंखण्यांत आलें, आणि आसामांत नदीच्या कांठांनीं मातीचे बांध घालण्याचें काम झपाट्यानें सुरू झालें. आज त्यांची लांबी चार हजार किलोमीटरहून अधिक आहे. हे बांध हौसेनें घातलेले नाहींत. त्यांच्यामागें गांवें आहेत, शाळा आहेत, वर्षाचें भात आहे. आणि बांध फुटतो त्या रात्रीं काय होतें हें तेथील माणसांखेरीज दुसऱ्या कोणीं शिकवूं नये. तथापि बांध घालतांना जो हिशेब झाला, त्यांत तळ्यांची बाजू बहुधा मांडली गेली नाहीं. अनेक बिलांचे नाले बांधाखालीं गाडले गेले किंवा झडपांनीं बंद झाले. नदी बाहेर राहिली आणि तळें आंत.

नदीपासून तुटलेलें तळें एका दिवसांत मरत नाहीं. प्रथम माशांचीं पिलें येण्याचें थांबतें. पावसाचें पाणी येतें, पण तें तळ्याला हालवून काढीत नाहीं. तळाशीं सांचलेली घाण वाहून जात नाहीं. मग दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी, जिला आसामांत मेटेका म्हणतात, ती पसरते. पूर येणाऱ्या तळ्यांतून तिचे पुष्कळसे थर दरवर्षीं वाहून जातात. येथें ते एकावर एक जमतात. त्यांच्याखालीं प्रकाश पोहोंचत नाहीं, कुजण्यानें प्राणवायु खर्च होतो, आणि मोकळ्या पाण्यांतील पाणपिसवा व त्यांचे सोबती नाहींसे होऊं लागतात. कमी प्राणवायूवर आणि कुजट पाण्यावर निभावणाऱ्या थोड्या जाती मात्र बळावतात. कित्येकदां लिटरमागें संख्या उलट वाढलेली दिसते. पण यादींतील नांवें कमी झालेलीं असतात. दीपोर बिलाला २००२ मध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. परंतु त्यांत नदीच्या पुरापेक्षां शहराच्या सांडपाण्याचा भाग वाढत गेला, ही त्याची व्यथा आहे.

बांधानें पूर अडविला म्हणजे जें होतें, तेंच पाणी नेहमीं भरलेलें ठेवल्यानेंहि होतें, हें मणिपूरच्या लोकताक सरोवरानें दाखविलें. या सरोवरावर फुमदी नांवाचीं गवताचीं आणि मातीचीं तरंगतीं बेटें आहेत. पूर्वीं हिंवाळ्यांत पाणी उतरे तेव्हां हीं बेटें तळाला टेकत, मुळें चिखलांतून अन्न घेत, आणि पावसाळ्यांत पुन्हां वर उचललीं जात. १९८३ मध्यें वीज उत्पन्न करण्यासाठीं इथाई येथें बंधारा झाला व पाण्याची पातळी वर्षभर उंच राहूं लागली. बेटें तळाला टेकेनाशीं झालीं, आणि केइबुल लामजाओ येथील फुमदी पातळ होऊं लागल्या. संगाई हरणाचा निवास त्याच फुमदींवर असल्यानें तेंहि संकटांत आलें. चिंदविन नदीकडून वर येणारा पेंगबा हा मणिपुरी लोकांचा आवडता मासा बंधाऱ्यामुळें अडला. पाणी भरपूर होतें. गेलें होतें तें त्याचें चढणें-उतरणें.

हाच नियम पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत, अधिक मोठ्या प्रमाणावर दिसतो. मनाउस शहराजवळ नदीची पातळी वर्षांतून सुमारें दहा मीटर वर-खालीं होते. तेथें दीर्घकाळ काम केलेला जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग युंक आणि त्याचे दोन सहकारी यांनीं १९८९ मध्यें असा सिद्धान्त मांडला कीं, अशा नद्यांचें आणि त्यांच्या मैदानांचें जीवन चालविणारी मुख्य शक्ति म्हणजे पुराची नियमित नाडी होय. पूर हा या प्रदेशाचा रोग नव्हे. तो त्याचा श्वास आहे. मात्र पुरालाहि सर्व कांहीं धुवून काढतां येत नाहीं. त्याच देशांत ट्रोंबेटास नदीच्या कांठीं बताता नांवाचें सरोवर आहे. पोर्तुगीजांचा हा शब्द मराठींत बटाटा होऊन आला. १९७९ पासून १९८९ पर्यंत या सरोवरांत बॉक्साइटच्या खाणींतील धुतलेल्या मातीचा बारीक चिखल सोडण्यांत आला, आणि त्याचा सुमारें तीस टक्के भाग त्याखालीं गेला. नदीचा गाळ खत असतो. हा चिखल पोषणहीन होता. त्यानें पाणी गढूळ केलें, प्राणिप्लवकांचें अन्न कमी केलें आणि तळाचा सजीव थर झांकून टाकला. नंतर चिखल सोडणें बंद झालें, तरी नैसर्गिक स्थिति परत आणण्यासाठीं फार दीर्घ काळ खटपट करावी लागली.

यावरून बांध फोडून टाकावे असा निष्कर्ष कोणी काढूं नये. ज्यांचीं घरें त्या बांधांच्या आश्रयाला आहेत, त्यांना तळ्यांतील सूक्ष्म प्राण्यांची महती सांगून पाण्यांत लोटणें हा न्याय नव्हे. परंतु त्याच गांवांत तळ्यावर पोट असलेले कोळीहि राहतात. आणि एकाचें भात वाचवितांना दुसऱ्याचें जाळें रिकामें होत असेल तर तोहि न्याय नव्हे. या दोहोंच्या मध्यें करण्यासारखें पुष्कळ आहे. गाळानें बुजलेले नाले उकरून तळें नदीला पुन्हां जोडतां येतें. बांधांत झडपा असतील तेथें त्या केव्हां उघडावयाच्या हें केवळ शेताच्या नव्हे, तर माशांच्या पिलांच्या वेळापत्रकावरूनहि ठरवितां येतें. महापूर बाहेर ठेवून साधा पूर आंत घेतां येतो. जलपर्णी काढतां येते, आणि कांठची उपयुक्त वनस्पति राखतां येते. शहराचें सांडपाणी शुद्ध केल्यावांचून तळ्यांत सोडूं नये, यासाठीं तर कोणत्याहि नव्या शोधाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

अशा उपायांचा गुण आला कीं नाहीं, हें मोठ्या माशांवरून कळण्यास वर्षें लागतात. प्राणिप्लवकांची पिढी दिवसांची असते, म्हणून त्यांच्याकडून उत्तर लौकर मिळतें. दर महिन्याला एकाच जागेचें, एकाच वेळीं घेतलेलें थोडें पाणी गाळून त्यांतील प्राणी मोजले. त्याबरोबर तबकडी किती खोल दिसली, प्राणवायु किती होता आणि पाणी किती चढलें हें लिहून ठेवलें. तर दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून तें तळें नदीशीं अजून बोलतें आहे कीं नाहीं तें सांगतां येतें. नाला उकरून पहिला पूर आंत घेतल्यावर, बरीच वर्षें न दिसलेली एखादी पाणपिसू जाळींत सांपडली, तर चिखलाच्या पेवांतील बीं अजून नासलें नाहीं असें समजावें. मग त्या तळ्याची आशा सोडण्याचें कारण उरत नाहीं.